अमूर्ताचा पत्ता: जिल्हा रायगड

पनवेल परिसरातल्या एखाद्या चित्रकाराने नुसत्या रंगांचे थर असलेला कॅनव्हास टांगला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. ‘हे नेमकं आहे काय?’ आणि ‘असलं तर आमची पोरगीही काढेल.’ दुसरी टोमणा म्हणून येते, पण ती अगदी खरी आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या मुलीने संकल्पचित्राच्या पेपरात वळणदार आकार एकमेकांत गुंफलेले असतात, रंगांचा तोलही सांभाळलेला असतो. तिथे परीक्षक ‘हा आंबा की मासा?’ म्हणून अडवत नाहीत. शाळेत ज्याला मार्क मिळतात, त्यालाच मोठेपणी आपण बिचकतो.

अमूर्त म्हणजे परदेशी थेर, हा समज तर रायगडकरांनी बाळगूच नये.

अलिबागच्या दक्षिणेला नागाव. १९३६ साली चित्रकार प्रभाकर बरवे तिथे जन्मले. उत्तरेला किहीम, चित्रकार नसरीन मोहमदी यांच्या कुटुंबाचं तिथे घर होतं आणि १९९० मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. बरव्यांना निव्वळ अमूर्त चित्रकार म्हणता येणार नाही. पान, घड्याळ, किल्ली या वस्तू त्यांच्या चित्रात ओळखू येतात, फक्त त्यांची नेहमीची जागा सुटलेली असते. रंगही साधा इनॅमलचा, दुकानाच्या शटरला लावतात त्या जातीचा. वर या माणसाने आपली विचारप्रक्रिया मराठीत लिहून ठेवली. ‘कोरा कॅनव्हास’ हे ते पुस्तक १९९० साली आलं. चित्र ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडलं असेल, हा प्रश्न जरा झोंबणारा आहे.

नसरीन त्याहून कडक. कागदावर पेन्सिल आणि शाईच्या बारीक, ताणलेल्या रेषा. आजाराने हातावरचा ताबा सुटत गेला तरी त्या रेषा ढळल्या नाहीत. सोबत कॅमेरा असे. डांबरी रस्त्यावरचा पांढरा पट्टा, वाळू, पाणी, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी यांचे त्यांनी कृष्णधवल फोटो काढले. फ्रेम अशी कापलेली की जागा गळून पडते आणि उरतो तो काळ्या-पांढऱ्याचा ताण. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडलं, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन यांचं काम होतं. त्यांना वडीलधाऱ्यासारखे असलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे मात्र बहुतेक मराठी घरांत पोचले ते लिलावाच्या बातमीतून. २०२५ मध्ये त्यांचं एक चित्र ६७ कोटींवर गेलं. आकडा पाठ, चित्र आठवत नाही.

म्हणूनच पनवेलच्या नव्या चित्रकार-छायाचित्रकारांना ‘याचा अर्थ सांगा’ म्हणून पिंजऱ्यात उभं करण्यात हशील नाही. कुठे पाहिलंत, किती वेळ पाहिलंत, हे विचारावं. आसपास ऐवज कमी नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली गेली. खाडीकाठी खारफुटीच्या मुळांचं जाळं आहे. पावसाळ्यानंतर सिडकोच्या इमारतींवर शेवाळाचे हिरवे-काळे ओघळ राहतात. अर्थात मोबाइलवर ओघळ टिपला की झालं अमूर्त, असंही नाही. काय वगळायचं हे न ठरवता काढलेला फोटो ओल आलेल्या भिंतीचाच राहतो, आणि तो सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवलेला बरा.

राहिला जागेचा प्रश्न. मुंबईतल्या काळा घोड्याच्या कलादालनांपर्यंत लोकलने जाऊन चित्रं पाहणारे थोडेच. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात प्रयोगाला मात्र गर्दी होते आणि मध्यंतरात बटाटेवडा हातात घेऊन माणसं भिंतींकडेच तोंड करून उभी असतात. महापालिकेने त्यातली एखादी भिंत महिनाभर एका स्थानिक कलावंताला द्यावी, चित्र आणि फोटो शेजारी लावावेत. खाली नाव, माध्यम, जागा एवढंच. उद्घाटनाचं भाषण, शाल-श्रीफळ काही नको. पहिल्या महिन्यात टिंगल होईल, ती होऊ द्यावी आणि महिना संपला की पुढच्याला भिंत द्यावी.