स्टुडिओची जमीन आणि स्टुडिओतला माणूस

चेंबूरच्या आर. के. स्टुडिओची सुमारे सव्वादोन एकर जमीन २०१९ साली एका गृहबांधणी कंपनीने विकत घेतली. २०१७ च्या सप्टेंबरात लागलेल्या आगीत स्टुडिओची मोठी हानी झाली होती आणि तो पुन्हा उभारणे मालक कुटुंबाला परवडणारे वाटले नाही. मुंबईत पोट भरण्यासाठी आलेल्या बेकार पदवीधराची कथा ज्या संस्थेने 'श्री ४२०' (१९५५) मध्ये सांगितली, तिच्या भूमीवर महागड्या सदनिकांची योजना यावी, याबद्दल हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. एका कुटुंबाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यामागील अर्थकारण समजून घेतले पाहिजे.

१९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' निघाली. तिच्या संस्थापकांपैकी दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करून शिकलेले. १९३३ साली 'प्रभात' पुण्यास आली आणि तेथे 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) हे बोलपट तयार झाले. नट, सुतार, रंगारी, ध्वनिमुद्रक असे सारे मासिक पगारावर एका आवारात राबत. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मालक हा तेथेही मालकच होता. परंतु वेतनाची शाश्वती होती, आणि एका चित्रपटात मिळविलेले कसब पुढच्या चित्रपटास उपयोगी पडत होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही घडी विस्कटली. काळ्या बाजारातील पैसा चित्रपटांत शिरला. कायम कर्मचारी न बाळगणारे निर्माते नटनट्यांना मोठ्या रकमा मोजू लागले. स्टुडिओ ही भाड्याची जागा झाली आणि स्टुडिओतला कामगार रोजंदार झाला. १९५० नंतरच्या काही वर्षांतच 'प्रभात' बंद पडली. मालाडची 'बॉम्बे टॉकीज' वाचविण्यासाठी तेथील कामगारांनी सहकारी संस्था स्थापून 'बादबान' (१९५४) काढला. तरीही ती संस्था तगली नाही.

पुढे शहर वाढत गेले, तसे स्टुडिओच्या भाड्याचे उत्पन्न जमिनीच्या किमतीपुढे नगण्य ठरू लागले. ही किंमत वाढविली कोणी? रेल्वे, रस्ते, पाणीपुरवठा यांवर सार्वजनिक पैसा खर्च झाला. श्रमिकांनी वस्त्या उभ्या केल्या. अर्थशास्त्रात यालाच अनर्जित वाढ म्हणतात. समाजाने निर्माण केलेली ही वाढ विक्रीच्या दिवशी एका खात्यात जमा होते, आणि आयुष्यभर दिवे उचलणाऱ्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

गिरण्यांच्या जमिनींबाबत हेच घडले. तेथे निदान १९९१ च्या नियमाने जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि एक घरांसाठी राखण्याचे तत्त्व मान्य केले होते. २००१ च्या दुरुस्तीने ते पोकळ केले, ही गोष्ट वेगळी. स्टुडिओंच्या बाबतीत मात्र कामगाराच्या वाट्याची चर्चादेखील क्वचितच होते.

दुसरा मार्ग असू शकतो, हे 'प्रभात'च्याच आवाराने दाखवून दिले आहे. तेथे १९६० साली केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, आणि जेथे कसब निर्माण होत होते तेथे ते शिकविले जाऊ लागले. कोल्हापुरातील 'जयप्रभा' स्टुडिओच्या विक्रीविरुद्ध २०२२ साली कलावंत व तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले, ते स्मृती जपण्याइतकेच रोजगारासाठीही होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या सातत्याने मांडल्या पाहिजेत. स्टुडिओच्या जमिनीचा वापर बदलताना होणाऱ्या लाभाचा ठराविक भाग सिने-कामगारांच्या घरांसाठी व निवृत्तिवेतनासाठी राखावा. अशी जमीन विकत घेण्याचा पहिला अधिकार शासनास किंवा कामगारांच्या सहकारी संस्थेस असावा. आणि गोरेगावच्या चित्रनगरीसारख्या सार्वजनिक आवारात चित्रपट असो वा दूरदर्शन मालिका, कामाचे तास व मजुरी यांविषयीच्या नियमांचे पालन ही परवानगीची अट असावी.

पडद्यावरील श्रमिकाच्या दुःखाने प्रेक्षक हेलावतो, हे खरे. परंतु पडद्यामागील श्रमिकाला त्याचा हक्क मिळवून देण्यासाठी संघटनाच उभारावी लागेल.