वही फिरते तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजांत सबमिशनची धांदल असते. एकाचं जर्नल पूर्ण झालेलं असतं. ते रात्रभर वसतिगृहात फिरतं, सकाळपर्यंत आणखी दहा तयार होतात आणि पहिल्यातलं चुकलेलं रीडिंग दहांतही जसंच्या तसं उतरतं. आपली मुलं वही द्यायला कधीच कुरकुर करत नाहीत, याचं मला फार कौतुक आहे. पण शेजारून आलेलं फराळाचं ताट आपण रिकामं परत करत नाही. ही वही मात्र एका शब्दाचीही भर न पडता परत येते.

२०११ साली पुण्यातल्या काही कॉलेजांत एक सुंदर प्रयोग सुरू झाला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाच्याच विषयांवर इंग्रजी विकिपीडियात लिहायचं होतं. एरवी परीक्षकाच्या टेबलावर संपणारं लिखाण जगभर वाचलं जाणार होतं. प्रत्यक्षात कितीतरी लेखांत दुसरीकडचे परिच्छेद जसेच्या तसे सापडले. ते शोधून काढताना स्वयंसेवक संपादक मेटाकुटीला आले आणि वर्ष संपायच्या आत प्रयोग थांबला. मुलांना मी दोष देत नाही. फळ्यावरचं उतरवून घेण्यालाच आपण त्यांना अभ्यास म्हणायला शिकवलं होतं.

विकीची शिस्त वेगळी आहे. तिथे प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ असतो: कोणी, कधी, कोणता शब्द बदलला, सगळं दिसतं. शेजारच्या ‘चर्चा’ पानावर कोणीही विचारू शकतं, या विधानाला आधार काय? ज्ञानकोशकार केतकरांनी सहकाऱ्यांना जोडून २३ खंड उभे केले, तरी छापलेल्या पानावरची चूक खेड्यातल्या वाचकाला स्वतः दुरुस्त करता येत नव्हती. आज ती येते. म्हणून प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या सत्रात गटाला एकच लेख द्या आणि गुण देताना तयार मजकुराइतकाच त्याचा इतिहासही वाचा. कोणी कोणाचं वाक्य सुधारलं, कोण आधार शोधायला ग्रंथालयात गेलं, ते तिथे कळेल.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचं पान उघडून पाहावं. अशी बरीच पानं जेमतेम चार ओळींची आहेत. तालुक्याच्या वाचनालयात जिल्ह्याचं गॅझेटियर असेल, तर पाचवी ओळ या सुट्टीतच लिहिता येईल.