सतरा वर्षांची अट मला का पटते

गेल्या डिसेंबरात सुट्टीला घरी निघण्याआधी आम्हाला सिमल्याची आइस स्केटिंग रिंक दाखवायला नेले होते. ही रिंक १९२० पासून चालू आहे. रात्री मैदानावर पाणी शिंपडतात आणि सकाळपर्यंत थंडीनेच त्याचा बर्फ होतो. मी साताऱ्याचा. भाड्याचे बूट घालून मला सरळ उभेही राहता येईना. दहा मिनिटांत चार वेळा आपटलो आणि उरलेला वेळ कठडा धरून काढला. तेव्हा प्रश्न पडला की या बर्फावर लोक उड्या तरी कशा मारतात?

घरी गेल्यावर मी २०२४ च्या युवा हिवाळी ऑलिंपिकमधले फिगर स्केटिंग पाहिले. ही स्पर्धा दक्षिण कोरियातील गँगवॉन प्रांतात झाली. मुलींमध्ये जपानच्या माओ शिमादाने सुवर्ण आणि कोरियाच्या शिन जियाने रौप्यपदक जिंकले. दोघीही तेव्हा १५ वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्याच वयाच्या. हवेत सेकंदभरही नसतात, तेवढ्यात तीन-चार गिरक्या घेतात आणि एका पायावर, उलट्या दिशेने जाणाऱ्या पात्यावर उतरतात. मी कठडा धरून उभा होतो ते आठवले आणि माझे मलाच हसू आले.

माओने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे ज्युनियर जागतिक स्पर्धाही जिंकली. तरीही २०२६ च्या मिलानो-कोर्टिना ऑलिंपिकचे दार तिला बंद होते. नियम असा आहे की, ऑलिंपिकच्या आधीच्या १ जुलैपूर्वी खेळाडूला १७ वर्षे पूर्ण झालेली हवीत. माओची १७ वर्षे ३० ऑक्टोबरला पूर्ण झाली. चार महिने कमी पडले! शिन जियाचा वाढदिवस मार्चमधला, त्यामुळे ती नियमात बसली.

सुट्टीनंतर आमच्या डॉर्मिटरीत यावर जोरदार वाद झाला. बहुतेकांचे म्हणणे एकच होते, “जो सर्वांत चांगला, त्याला संधी मिळालीच पाहिजे. वयाचा काय संबंध?” सुरुवातीला मीही त्याच बाजूचा होतो. आज मी दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याची कारणे इथे मांडतो.

पहिले कारण शरीराचे. अंग लहान आणि हलके असेल तर हवेत गिरकी वेगाने घेता येते. म्हणून चार गिरक्यांची उडी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना जमते आणि पुढे उंची-वजन वाढले की ती टिकवणे अवघड होते. मग खेळाडू मोठी होऊच नये, असे वाटणारे लोक तिच्याभोवती जमतात. रशियाच्या युलिया लिपनित्स्कायाने २०१४ मध्ये १५ व्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकले आणि २०१७ मध्ये, जेवण तोडायला लावणाऱ्या अॅनोरेक्सिया या आजारावर उपचार घेऊन, ती निवृत्त झाली. अलिना झागितोवाने २०१८ मध्ये १५ व्या वर्षी सुवर्ण जिंकले आणि १७ व्या वर्षी स्पर्धा थांबवल्या. तिने सुवर्ण जिंकले तेही गँगवॉन प्रांतातच, गँगनुंगच्या त्याच सभागृहात, जिथे पुढे माओ जिंकली.

दुसरे कारण कामिला वालियेवाचे. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तीही १५ वर्षांची होती. तिच्या आधीच्या एका नमुन्यात हृदयविकारावरच्या, बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडल्याचे स्पर्धा चालू असतानाच जाहीर झाले. तिला खेळू दिले, पण सगळ्या जगाचे कॅमेरे तिच्यावर होते. शेवटच्या फेरीत ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. बर्फावरून बाहेर आल्यावर प्रशिक्षिकेने तिला काय विचारले? लढायचे का सोडलेस, असे. पुढे तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. ते औषध तिच्यापर्यंत कसे पोचले, यावर मोठी माणसे भांडत राहिली. शिक्षा मात्र मुलीने भोगली. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ केले.

तिसरे कारण माझे स्वतःचे आहे. मागच्या सत्रात आंतर-हाउस क्रॉसकंट्रीच्या आधी तीन आठवडे माझी नडगी दुखत होती. मी कुणालाच सांगितले नाही. एमआय रूममध्ये गेलो तर टीममधून नाव जाईल आणि हाउसचे गुण जातील, एवढेच डोक्यात होते. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण “थांब” असेही कुणी म्हटले नाही, कारण मी कुणाला कळूच दिले नाही. मी धावलो, सहावा आलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. एक्स-रे काढला. हाडाला बारीक तडा गेला होता. सहा आठवडे पीटी बंद. रविवारच्या फोनवर आईने विचारले, “अरे, सांगायला काय झालं होतं तुला?” माझ्याकडे उत्तर नव्हते. हाच पाय उद्या एनडीएच्या मेडिकलला आडवा आला असता तर?

तेव्हा मला कळले की, १५ व्या वर्षी आपण सोसू शकतो खूप, पण कुठे थांबायचे हे आपल्याला कळत नाही. सैन्याला हे माहीत आहे. एनडीएत साडेसोळा वर्षांआधी प्रवेश नाही. आपण कितीही तयार असलो, तरी १५ व्या वर्षी आपल्याला कुणी सीमेवर पाठवत नाही आणि त्याला आपण अन्याय म्हणत नाही.

“पण संधी गेली ती गेलीच ना?” असे मित्र विचारतात. जपानची माओ असादा २००६ च्या ऑलिंपिकला अशीच थोडक्यात वयात बसली नव्हती. ती थांबली. पुढे तीन वेळा जगज्जेती झाली आणि २०१० मध्ये तिने ऑलिंपिक रौप्यपदकही मिळवले. शिमादाचे ‘माओ’ हे नाव तिच्यावरूनच ठेवले आहे. थांबलेल्याचे सगळेच संपते असे नाही. शिवाय १५ व्या वर्षी खेळायला युवा ऑलिंपिक आहेच, तिथे बरोबरीच्या मुलांशी सामना होतो. माओला वाईट वाटले असणार, हे मी नाकारत नाही. पण एकीचे चार वर्षे थांबणे आणि अनेकींचे आयुष्यभराचे दुखणे यांत मी थांबणे निवडेन.

फक्त नियमाने सगळे होणार नाही, हेही खरे. १७ व्या वर्षीही दुखणे लपवता येते. म्हणून कॅडेट मित्रांनो, दुखत असेल तर एमआय रूममध्ये जा, त्यात कमीपणा नाही. आणि सर, आई-बाबा, तुम्हाला एक विनंती. शर्यत झाल्यावर “कितवा आलास?” हे जरूर विचारा. पण त्याआधी एकदा “कुठे दुखत नाही ना?” असे विचारा. मला कुणी विचारले असते तर मी बहुतेक खरे सांगितले असते.