सालगड्याचं साल ठरतं, मालकाचं कधी ठरणार?



आपल्याकडे गुढी पाडव्याला आणि तिकडे खानदेशात आखाजीला सालगड्याचं साल ठरतं. वर्षाचे पैसे किती, उचल किती, धान्य किती, सणावाराला घरी कधी जायचं, हे सगळं दोन माणसांसमक्ष ठरतं. पूर्वी साल हजारांत ठरायचं, आता लाखाच्या पुढं गेलं. पुढच्या पाडव्यापर्यंत आपल्या हातात काय पडणार, हे गड्याला पक्कं माहीत असतं. मालकाला मात्र स्वतःच्या घराचं साल माहीत नसतं. यंदा घरखर्चाला किती लागणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "जसं येईल तसं जाईल."

गावाचंही तसंच बघा. ग्रामपंचायतीच्या दप्तरात पहिलाच कागद 'नमुना १', म्हणजे अंदाजपत्रक. पाणीपट्टी किती येईल, दिवाबत्तीला किती जाईल, हे वर्ष सुरू व्हायच्या आधी लिहावंच लागतं. ते मंजूर करणारे सरपंच आणि सदस्य बहुतेक शेतकरीच असतात. गावाचा नमुना १ तयार, घराचा नाही! जे नियम म्हणून गावासाठी करतो, ते गरज म्हणून घरासाठी का करू नये, एवढाच माझा सवाल आहे.

यावर बांधावर एकच उत्तर मिळतं. "साहेब, पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही, मग अंदाजपत्रक कसलं डोंबलाचं करायचं?" बोलणं खोटं नाही. पण जरा उलटं करून बघा. उत्पन्नाची तारीख आपल्या हातात नाही, हे खरं. खर्चाच्या तारखा मात्र पक्क्या आहेत. शाळा जूनमध्येच उघडते, आणि पेरणीही जूनमध्येच येते. पोळा, गौरी-गणपती, दिवाळी ठरल्या वेळी येतात. बँकेची मुदत ठरलेली असते. ज्याच्या पगाराची तारीख ठरलेली आहे, त्याने अंदाजपत्रक केलं नाही तरी एक वेळ चालेल. ज्याची जमा बेभरवशाची आणि खर्च भरवशाचा, त्याला ते केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता प्रत्यक्ष करायचं कसं ते पाहू. पोराची शंभर पानी वही घ्या. जून ते मे असे बारा महिने आडवे लिहा. आपलं वर्ष मृगापासून धरा, एप्रिल-मार्च सरकारी कामाला राहू द्या. आणि पहिल्या पानावर पीक लिहू नका, घरखर्च लिहा. आपण नेमकं उलटं करतो. आधी खत-बियाणं धरतो आणि राहील त्यात घर चालवू म्हणतो. घर तर चालवावंच लागतं, मग ते उसनवारीवर चालतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही आपले घाला. समजा पाच एकर कोरडवाहू. चार एकर सोयाबीन, एक एकर घरच्या ज्वारीला आणि कडब्याला. दावणीला दोन दुभती जनावरं, घरात पाच माणसं.

घरखर्च : किराणा महिन्याला ४ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार. वीजबिल, गॅस, मोबाईल, जाणं-येणं महिन्याला दीड हजार, म्हणजे १८ हजार. शाळा-कॉलेज १५ हजार. दवाखाना १० हजार. कपडालत्ता आणि सण १० हजार. आहेर-मानपान ६ हजार. बेरीज झाली १ लाख ७ हजार. यात लग्न नाही, घराची डागडुजी नाही, मोठं दुखणं नाही.

आता जमा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. चार एकरांत एकरी आठ क्विंटल धरायचं, त्याला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ लावायचा, की ३२ क्विंटलचे १ लाख ७० हजार ४९६ रुपये होतात. वाचायला फार गोड लागतं. पण हमीभाव जाहीर होणं वेगळं आणि तो पदरात पडणं वेगळं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि कित्येकांनी बाजारात त्याच्या बऱ्याच खाली सोयाबीन घातलं. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. नवा माल निघेपर्यंत ते निम्म्यावर आलं. चांगल्या सालाच्या भावावर जो घर चालवतो, त्याचं घर वाईट साल चालवतं.

म्हणून अंदाज बेताचा धरा. गेल्या पाच वर्षांत सगळ्यात कमी उतारा आला ती दोन सालं आठवा, त्यांची सरासरी काढा. आठवत नसेल तर गावातल्या पीक कापणी प्रयोगाचे आकडे आमच्या खात्याकडे मागा. आपल्या उदाहरणात एकरी सहा क्विंटल आणि भाव चार हजार धरू. २४ क्विंटलचे ९६ हजार झाले. आधीच्या हिशेबात आणि यात फरक किती? ७४ हजार ४९६. याच कागदावरच्या पैशाच्या भरवशावर हप्त्याची गाडी दारात येते.

९६ हजारांतून नांगरणीपासून मळणीपर्यंतचा रोख खर्च एकरी १५ हजारांप्रमाणे ६० हजार वजा करा. राहिले ३६ हजार. दुधाचे चारा-पेंड जाऊन आठ महिने तीन-तीन हजार धरले तर २४ हजार. पीएम किसानचे ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार, मिळून १२ हजार. एकूण जमा ७२ हजार. खर्च १ लाख ७ हजार. तूट ३५ हजार.

"म्हणजे अंदाजपत्रक करून शेवटी तूटच कळली ना?" असं कुणी म्हणेल. होय, तीच कळायला पाहिजे. आज ती कळत नाही असं नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कळते. तेव्हा माल विकून झालेला असतो आणि दारात एकच माणूस उभा असतो, शेकडा तीनने पैसे देणारा. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ३५ हजारांचं वर्षाचं व्याज १२ हजार ६०० होतं. केंद्र आणि राज्य मिळून वर्षभरात जे १२ हजार खात्यावर टाकतात, ते सगळेच्या सगळे सावकाराच्या व्याजात गेले आणि वर खिशातले सहाशे! राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, एवढंच व्याज घेता येतं. पण अडला माणूस दर विचारत नाही. म्हणून अडायची वेळ कधी येणार, हे आधी कळलं पाहिजे.

तूट जूनमध्ये कळली तर हातात नऊ-दहा महिने असतात. मग काय करता येईल?

पहिलं, बियाणं. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. एकदा घेतलेल्या प्रमाणित बियाण्याचं घरचं बी पुढची दोन वर्षं वापरता येतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरायला हरकत नाही. चार एकरांच्या चार पिशव्यांचे पैसे वाचतात. खत माती परीक्षणाप्रमाणे द्या. शेजाऱ्यानं टाकलं म्हणून जादा टाकलेली एक डीएपीची गोणीसुद्धा तेराशे-चौदाशे रुपये घेऊन जाते.

दुसरं, विक्री. दिवाळीच्या तोंडावर सगळा माल एकदम बाजारात जातो, कारण सगळ्यांना एकदमच पैसे लागतात. बारा महिन्यांचं पान समोर असेल, तर दिवाळीला नेमके किती लागतात ते दिसतं. तेवढाच माल विका. बाकीच्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, ते सचिवांना विचारा. चालू नसेल तर का नाही, हेही विचारा. पण भाव वाढेलच असं समजून पुढचा खर्च मात्र करू नका.

तिसरं, पीककर्ज. ते मुदतीत फेडलं तर सवलती धरून ३ लाखांपर्यंत शून्य टक्क्याने पडतं. यापेक्षा स्वस्त पैसा दुसरीकडे कुठं नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजेसाठी दहा टक्के धरलेले असतात. आपल्या घराचा खर्च त्यात भागत नाही, हे वरच्या हिशेबात दिसलंच. तरीही पीककर्जाची उचल लग्नात खर्च केली की शेतीला सावकार आणि सावकाराला शेती, असं होऊन बसतं. कर्जमाफी २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. पुढे झाली तर आनंदच आहे. पण वहीत जमेच्या बाजूला तिला जागा नाही.

चौथं, विमा. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपापासून होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना जास्तीत जास्त ५ टक्के आपला हिस्सा आहे. जुलैच्या रकान्यात तो आजच लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी "या वर्षी राहू द्या" होतं, आणि नेमकं त्याच वर्षी नुकसान होतं.

एवढं करूनही काही घरांत तूट राहीलच. मी खोटा दिलासा देत नाही. पाच एकर कोरडवाहूत पाच माणसांचं घर आजच्या भावात चालत नाही, हे वहीच सांगेल. आणि वहीनं सांगितलं की मग बोलता येतं. उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळाला पाहिजे असं आपण मोर्चात म्हणतो, पण आपला उत्पादन खर्च किती, याचा कागद किती जणांच्या घरी आहे? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. लिहिलेला हिशेब फक्त सावकाराकडे होता, शेतकऱ्याकडे स्वतःचा कागद नव्हता. दीडशे वर्षं झाली. आजही कृषी सेवा केंद्राच्या उधारीची वही दुकानदाराकडेच असते. आपल्याकडे असते ती फक्त आठवण.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ही वही एकट्या पुरुषानं लिहायची नाही. घरातली बाई बचत गटात जाते. तिथं पंचसूत्री असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. दहा-बारा बायांचा पै-पैचा हिशेब ती ठेवते. आणि तिच्याच घरावर कर्ज किती, हे तिला माहीत नसतं! आपल्या भागात घरचा कर्ता माणूस जीव देऊन गेला, आणि तेराव्यानंतर एकेक जण दारात येऊन "माझे इतके होते" म्हणाला, अशी घरं तुम्हीही पाहिली आहेत. ओझं एकट्याच्या डोक्यात असतं तेव्हा ते फार जड होतं. वहीत उतरलं, बायको-पोरांसमोर आलं, की कर्ज कमी होत नाही, पण वाटून घेता येतं. लग्न केवढ्यात करायचं, गाडी आता की दोन वर्षांनी, हे निर्णय मग घर मिळून घेतं. शहाणी झालेली लेक स्वतःच म्हणते, "बाबा, मांडव लहान घाला."

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. १ मे ला ग्रामसभा असतेच. मृगाला तेव्हा पाच-सहा आठवडे असतात. त्या दिवशी तासभर या विषयाला द्या. आम्हाला बोलवा, सोसायटीच्या सचिवांना बोलवा, गटाच्या ताईंना बोलवा. फळ्यावर बारा रकाने आखू आणि एका नमुना घराचा हिशेब सगळ्यांसमोर मांडू. कुणाचं नाव घ्यायचं कारण नाही. नववी-दहावीची पोरं बेरीज-वजाबाकी बरोबर करतात, घरोघरच्या वह्या त्यांच्याकडून लिहून घ्या.

आणि वाचकहो, ग्रामसभेची वाट बघायचीच असंही नाही. आज रात्री जेवणं झाली की घरच्यांना बसवा. आधी फक्त एक पान लिहा : कुणाचे किती द्यायचे आहेत. बँक, सोसायटी, दुकानदार, पाहुणे, सावकार, सगळे. ते पान लिहायला सगळ्यात अवघड जातं. ते झालं की पुढची बारा पानं सोपी आहेत.