कॅनडाच्या मैदानांतील उन्हाळा

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे रब्बीचें धान्य घरांत आलेलें आणि शेतें उघडीं पडलेलीं, असा ऋतु. कॅनडांतील मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा ह्या प्रांतांत सर्व शेती उन्हाळ्यांतच उरकावी लागते. मे महिन्यांत पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरांत कापणी. दंव गोठून पीक जळण्याचें भय नसलेले दिवस जेमतेम शंभर-सव्वाशें. तेवढ्यांत गव्हानें उगवावें, निसवावें आणि पिकावें. जूनमध्यें दिवस १६ तासांचा असतो, हीच काय ती निसर्गानें केलेली भरपाई.

पावसाची गोष्ट मात्र नाजूक आहे. पॅसिफिकवरील वारे आपलें पाणी रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर टाकून कोरडे होतात व मग मैदानावर उतरतात. घाट चढून देशावर आलें म्हणजे जें दिसतें, तेंच हें. दक्षिणेकडील रुक्ष पट्ट्यांत वर्षाचें पाणी, बर्फ धरूनही, सुमारें १४ इंच. आणि त्यांतील मोठा वांटा जूनचा. म्हणजे मृग तेथेंही चुकून चालत नाहीं! परंतु आपल्या मोसमी पावसासारखा तो सर्वत्र पडत नाहीं. दुपारीं तापून उठलेला ढग एका शेतावर कोसळतो, शेजारचें कोरडें राहतें; आणि बरोबर गारा आल्या तर घटकाभरांत उभें पीक भुईसपाट होतें.

१८५७ ते १८६० ह्या काळांत कॅप्टन जॉन पॅलिसर ह्यानें हा मुलूख पाहून त्यांतील दक्षिणेचा त्रिकोण शेतीस निरुपयोगी ठरविला. पुढें वीस वर्षांनीं जॉन मॅकून हा वनस्पतिशास्त्रज्ञ चांगल्या पावसाच्या वर्षीं आला आणि त्यानें तीच भूमि सुपीक म्हणून वाखाणली. लोकांनीं अर्थातच गोड बोलणाऱ्याचें ऐकलें. दोघांनींही पाहिलें तेंच सांगितलें होतें. फरक काय तो वर्षांचा. त्याची किंमत १९३० नंतरच्या अवर्षणांत वसाहतवाल्यांच्या मुलांनातवंडांनीं दिली. नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्यानें उडाली, घरेंदारें सोडून कुटुंबें निघून गेलीं. ५ जुलै १९३७ रोजीं सस्कॅचेवानांतील यलो ग्रास व मिडेल येथें पारा ४५ अंशांवर गेला. त्या देशांतील हा उच्चांक २०२१ पर्यंत टिकला.

२०२१ सालींही पाऊस रुसला. देशाचें गव्हाचें उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानानें एक-तृतीयांशाहून अधिक घटलें. परंतु आतां पुष्कळ शेतकरी नांगरट न करतां जुन्या धसकटांतच पेरतात. त्यामुळें पीक गेलें तरी माती राहिली. मला हें गव्हाहून मोलाचें वाटतें.

आपल्या स्वयंपाकघराशींही त्या उन्हाळ्याचा संबंध आहे. वाण्याकडील मसुराची डाळ पुष्कळदां सस्कॅचेवानची असते. तेथें हें पीक १९७० नंतर रुजलें. मसुरास ओल बेताचीच लागते, पाऊस फार झाला तर उलट रोग पडतो. म्हणून, पूर्वी ओल सांठविण्यासाठीं ज्या जमिनी एकेक उन्हाळा पडीक ठेवीत, त्यांतच तो घेऊं लागले. चातुर्मासांत मसूर वर्ज्य मानणारीं घरें आपल्यांत अजून आहेत; तिकडे त्याची कापणी मात्र ऐन चातुर्मासांतच सुरू होते.