शेजारधर्म : तारा नसलेलं ख्रिस्ती घर

डिसेंबर लागला की सिकंदराबाद, बोलाराम, मलकाजगिरीच्या गल्ल्यांतून कागदी तारे लटकायला लागतात. आपल्यापैकी कित्येकांची बिऱ्हाडं याच भागात, त्यामुळे नाताळ आपल्यालाही परका नाही. शेजारून केकचा डबा येतो, आपण दिवाळीत दिलेल्या फराळाची परतफेड होते.

पण नीट पाहिलंत तर काही ख्रिस्ती घरांवर तारा दिसत नाही. झाड नाही, रोषणाई नाही, पंचवीस तारखेला दारही नेहमीसारखंच बंद. मग आपल्याकडे कुजबुज सुरू होते. "सुतक असेल." "पैशाची ओढाताण असेल." आणि शेवटी, "हे कसले ख्रिस्ती?"

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात वाईट. कारण ते घर बहुतेक वेळा अत्यंत श्रद्धाळू असतं. श्रद्धाळू आहे म्हणूनच तिथे तारा नसतो. हे कसं, ते आज पाहू.

पंचांग एक नाही

आधी तारखेचा घोळ. तो आपल्याला लगेच कळेल, कारण आपल्या घरीही तो आहे. टिळक पंचांग मानणाऱ्या कुटुंबांचा अधिक मास कधी कधी इतरांपेक्षा वेगळा पडतो आणि त्यांचे गणपती महिनाभर आधी बसतात. एकादशीचंही तेच : स्मार्तांची एक, भागवतांची दुसऱ्या दिवशी. म्हणून कोणी कोणाला 'कसले हिंदू' असं विचारत नाही.

ख्रिस्ती जगातही दोन पंचांगं चालतात. एक ज्यूलियस सीझरच्या काळापासूनचं, दुसरं पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारलेलं. आपल्या भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर हे दुसरं. रशिया आणि सर्बियातली ऑर्थोडॉक्स चर्चेस सणांसाठी अजून जुनंच पंचांग वापरतात. दोहोंत आज १३ दिवसांचा फरक आहे, म्हणून त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. हा फरक स्थिर नाही. २१०१ सालापासून त्यांचा नाताळ ८ जानेवारीला पडेल. आर्मेनियन चर्च तर येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही ६ जानेवारीलाच एकत्र पाळतं. कोलकात्याच्या बडाबाजारात त्यांचं १७२४ सालचं चर्च आहे, तिथे आजही नाताळ ६ जानेवारीला असतो.

ईस्टरची गोष्ट आणखी आपल्या ओळखीची, कारण ती चंद्राशी बांधलेली आहे. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. या सणाचा रविवार सगळ्यांनी एकच मानावा असं इ.स. ३२५ मध्ये निकाय इथल्या धर्मपरिषदेत ठरलं. पण संपात आणि पौर्णिमा कोणत्या कोष्टकावरून काढायची, यावर पुढे फाटे फुटले. २०२४ मध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांचा ईस्टर ३१ मार्चला झाला, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्सांचा ५ मे रोजी. २०२५ मध्ये दोघांचाही २० एप्रिललाच आला. केरळच्या मलंकरा चर्चच्या नावात 'ऑर्थोडॉक्स' असलं तरी ती मंडळी नाताळ २५ डिसेंबरला आणि ईस्टरही इथल्या इतर ख्रिस्ती लोकांबरोबरच करतात. तेव्हा पाटी वाचून तारीख ठरवू नये.

कोणी सांगितलं म्हणून?

तारखेचा वाद तसा वरवरचा. खरा वाद याच्या खाली आहे : एखादा दिवस पवित्र आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

बायबलमध्ये येशूच्या जन्माची कथा आहे, तारीख नाही. २५ डिसेंबरचा उल्लेख रोममध्ये चौथ्या शतकात, ३३६ सालाच्या सुमारास सापडतो. आता या एका गोष्टीवरून तीन वेगवेगळी उत्तरं निघतात.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात, परंपरा हीसुद्धा देवाचीच देणगी. चर्चने सण ठरवला, पिढ्यानपिढ्या पाळला, तो पवित्रच. त्यांचं वर्ष आपल्यासारखं सणावारांनी भरलेलं असतं : आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, मग संतांचे आणि मरियामातेचे दिवस. विजयवाड्याजवळ गुणदलाला ११ फेब्रुवारीला मरियामातेची जत्रा भरते. तिथे नारळ वाहणारे आणि केस देणारे भाविक पाहिले की आपल्याला तिरुपतीचीच आठवण होते. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तर हिंदूही तेल वाहतात. ती शिरगावच्या लइराईची बहीण, असं तिथे मानलंच जातं.

दुसरं उत्तर ल्यूथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट वगैरे जुन्या प्रॉटेस्टंट पंथांचं. येशूच्या आयुष्यातले दिवस ठेवा, मरियामातेच्या आणि संतांच्या जत्रा नकोत. आपल्या तेलंगणात ज्यांना 'सीएसआय' म्हणतात ते चर्च १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा मंडळ्या एकत्र येऊन झालं. महाराष्ट्राकडे याच धर्तीवर 'सीएनआय' १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालं. मेदकचं भव्य कॅथीड्रल याच सीएसआयचं. त्याचं समर्पण १९२४ साली नाताळच्याच दिवशी झालं आणि आजही पंचवीस तारखेला तिथे सर्व धर्मांच्या लोकांची रीघ लागते. ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये जमून प्रार्थनेत नवं वर्ष सुरू करायची 'वॉचनाइट'ची रीत मेथडिस्टांकडून आलेली. तुमचे सीएसआय शेजारी त्या रात्री पार्टीला येत नाहीत, त्याचं कारण हे.

तिसरं उत्तर सगळ्यात कडक : शास्त्रात आज्ञा नसेल तर माणसानं सण लादायचाच नाही. इंग्लंडमधल्या प्युरिटनांनी हेच धरलं. १६४७ मध्ये तिथल्या पार्लमेंटने नाताळ आणि ईस्टर दोन्ही रद्द केले, तर कँटरबरीत लोकांनी दंगा केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली. हा दंड ठोकणारे नास्तिक नव्हते. उलट, देवाच्या दिवसाचा खाण्यापिण्याचा तमाशा होतो, हेच त्यांचं दुखणं होतं. गणपतीतल्या डीजेबद्दल आपल्याकडचे जुने लोक जे बोलतात, त्याहून हे फार वेगळं नाही.

इथे आपल्या मराठीची एक गंमत सांगायलाच हवी. १८१३ मध्ये मुंबईला जे अमेरिकन मिशनरी उतरले ते न्यू इंग्लंडच्या याच काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे प्युरिटनांचे वारसदार. त्यांच्या मराठी मिशनचं मोठं केंद्र पुढे अहमदनगर, आजचं अहिल्यानगर, झालं. रेव्हरंड ना. वा. टिळक याच मिशनमध्ये काम करत. पण त्या मंडळीत ख्रिस्तजन्माच्या सणाला शब्द कोणता रूढ झाला? नाताळ! म्हणजे पोर्तुगीज कॅथलिकांचा 'नाताल'. ज्यांच्या पूर्वजांनी सण बंद केला, त्यांच्या नातवंडांनी तो कॅथलिकांच्या शब्दानं आणि टाळ-तबल्याच्या भजनानं साजरा केला. पंथांच्या भिंती मराठीत आल्या की अशा थोड्या पाझरतात.

आजही कडक उत्तर देणारे आहेत. ब्रदरन मंडळ्यांपैकी आणि पेंटेकॉस्टल चर्चेसपैकी काही नाताळ करत नाहीत, तर काही दणक्यात करतात. उपवास-प्रार्थना त्यांच्याकडेही असतात, पण बहुधा तिथीला बांधून नाही. क्वेकर पंथाचं जुनं म्हणणं, सगळेच दिवस सारखे पवित्र, मग एक वेगळा काढायचा कशाला? यहोवाचे साक्षीदार नाताळ, ईस्टरच काय, वाढदिवससुद्धा पाळत नाहीत. वर्षातून एकदा, ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या रात्री, ख्रिस्ताच्या मृत्यूचा स्मरणविधी तेवढा करतात. इतर पंथ त्यांना ख्रिस्ती मानायला तयार नसतात. ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणतात.

शनिवारची परीक्षा

सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळींचा प्रश्न नाताळचा नाहीच. तो त्यांच्यात अनेक घरांत साधेपणानं होतो. त्यांचा प्रश्न दर आठवड्याचा आहे. दहा आज्ञांमध्ये सातवा दिवस विश्रांतीचा सांगितला आहे, आणि सातवा दिवस म्हणजे शनिवार. बाकीच्या ख्रिस्ती जगानं ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, त्याला राजाश्रयही मिळाला. अॅडव्हेंटिस्ट म्हणतात, आज्ञा बदलण्याचा अधिकार ना सम्राटाला, ना पोपला.

त्यांचा दिवस शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी सूर्यास्ताला संपतो. घरातली माउली शुक्रवारी दुपारीच स्वयंपाक, साफसफाई उरकून घेते. पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे. त्या परिसराच्या आसपास राहिलेल्यांना शनिवारची ती शांतता ठाऊक असेल.

आता विचार करा : अशा घरातल्या मुलाची प्रवेशपरीक्षा शनिवारी सकाळी लागली तर? त्याच्यापुढे एक वर्ष की एक आज्ञा, असा प्रश्न उभा राहतो. आपल्याला वाटतं, एका शनिवारानं काय बिघडतं? पण दसऱ्याच्या सकाळी पेपर लागला असता तर आपण केवढा गहजब केला असता, हे आठवून बघा. बहुसंख्यांचे सण सुट्टीच्या यादीत आपोआप बसतात. छोट्या पंथाच्या माणसाला मात्र दर वेळी अर्ज करावा लागतो आणि अर्जासोबत स्वतःचा धर्म समजावून सांगावा लागतो.

शोक, उपास आणि मुहूर्त

दरवर्षी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवतंच. तो ख्रिस्ताच्या मृत्यूचा दिवस. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदी उघडी ठेवतात, क्रुसाचं वंदन होतं आणि १८ ते ५९ वर्षांची धडधाकट माणसं एकभुक्त राहतात. सीएसआयमध्ये दुपारी बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर चिंतन चालतं. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ईस्टरला. आणि हेही लक्षात ठेवावं की सण पाळणाऱ्या पंथांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा सण ईस्टर, नाताळ नव्हे. बाजारानं क्रम उलटा केला, चर्चने नाही.

आदल्या गुरुवारी केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरांतून बेखमिराचा 'पेसहा अप्पम' होतो. घरातला वडीलधारा तो कापून वाटतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे तो करत नाहीत, नातेवाईक आणून देतात. आपल्याकडे गमी झालेल्या घरी पहिल्या दिवाळीला शेजारी फराळ पोचवतात, तसंच.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात कॅथलिक आणि सीरियन घरांत सहसा लग्नं काढत नाहीत. चातुर्मासच म्हणा ना. पेंटेकॉस्टल घरात असं बंधन बहुधा नसतं. म्हणून कॅथलिक मुलगा आणि पेंटेकॉस्टल मुलगी असं जमलं की तारीख ठरवण्यापासूनच समजूतदारपणाची परीक्षा सुरू होते. बाहेरून दोन्ही घरं 'ख्रिश्चन'च दिसतात, आत मात्र पंचांगच वेगळं.

मग आपण काय करावं?

फार काही नाही. नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा : "तुमच्याकडे नाताळ असतो का? कसा असतो?" बहुतेक माणसं आनंदानं सांगतात. नाही म्हणाले तर कारण विचारावं, पण वाद घालू नये. फराळाचा डबा तरीही द्यावा. एखाद्यानं प्रसादाचा पदार्थ नाकारला तर राग न धरता बिननैवेद्याचा लाडू पुढे करावा.

शाळेतल्या नाटकात शेजारच्या मुलाला सांताक्लॉज व्हायचं नसेल, तर "तू तर ख्रिश्चन ना?" असं बाईंनीही म्हणू नये आणि आपणही. सोसायटीची वार्षिक सभा गुड फ्रायडेला ठेवू नये. आपल्या मंडळाच्या मुलांच्या स्पर्धा शनिवारी असतात. एखाद्या मुलाला रविवारी संधी देता आली तर द्यावी. त्यासाठी त्याच्या आईबापांना अर्ज लिहायला लावू नये.

पुढच्या अंकात बोहरी शेजाऱ्यांकडे जाऊ. त्यांची ईद एक-दोन दिवस आधी का येते, ते तिथे पाहू.