आधी नाते, मग पायरी

५२ मधून २७ वजा करताना एक मुलगी थांबली. "सर, पुढची पायरी आठवत नाही." चूक माझीच, मी फक्त पायऱ्या शिकवल्या होत्या.

१९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलाँ कोल्मेरोए यांच्या गटाने प्रोलॉग ही संगणकभाषा घडवली. तिच्यात 'आधी हे कर, मग ते' असे सांगण्याऐवजी काय खरे आहे ते तर्काच्या नियमांत मांडतात. उत्तर संगणक शोधतो. 'दोन भाग मिळून पूर्ण' हे नाते एकदा नीट मांडले, की त्यातूनच बेरीजही निघते, वजाबाकीही.

पायऱ्या हव्यातच, त्या संगणकालाही चुकत नाहीत. पण '२७ मध्ये किती मिळवले की ५२?' हे ज्याला उमगले, ते मूल ३ आणि २२ मोजून २५ वर पोहोचते. पायरी विसरली तरी अडत नाही.